तपासणीच्या दिवशी दह्याचा डबा

डॉक्टर जिला प्रोस्टेट म्हणतात त्या ग्रंथीला मराठीत पौरुषग्रंथी म्हणतात, हे मला माझी काढून टाकल्यावर कळलं. ज्या कोणा विद्वानाने हे नाव ठेवलं त्याच्यावर स्वतः ऑपरेशनची पाळी आलेली नसणार. आली असती तर त्याने जरा कमी बोलकं नाव शोधलं असतं.

ऑपरेशन उत्तम झालं. कॅन्सर वेळेत सापडला होता, सगळा निघाला, सर्जनने हसून हात मिळवला. मागे राहिली एकच गोष्ट. खोकलो, शिंकलो, खुर्चीतून झटकन उठलो, कोणाच्या विनोदावर मनापासून हसलो, की लघवीचे थेंब सुटायचे. थेंब हा शब्दही मी लाजेपोटी वापरतोय. पुष्कळदा थेंबांवर भागायचं नाही. बहुतेकांचं काही महिन्यांत सुधारतं, असं नर्सने सांगितलं होतं. माझं अर्धंमुर्धं सुधारलं आणि तिथेच अडलं. सत्तरी ओलांडलेला, नातवंडं असलेला माणूस मी, आणि पँटच्या आत पॅड लावल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं. बायको ग्रोसरीच्या ट्रॉलीत त्या पॅडचं पाकीट पालकाच्या जुड्यांखाली दडवायची. मी रांगेत तिच्यापासून लांब, चॉकलेटं न्याहाळत उभा राहायचो, जणू आमची ओळखदेख नाही.

ही दोन हजार सोळा-सतराच्या सुमाराची गोष्ट. आम्ही कॅनडात, टोरांटोजवळच्या मिल्टनला राहायचो, अजूनही तिथेच आहोत. मराठी मंडळात आम्ही सांगून टाकलं की हर्नियाचं ऑपरेशन झालं. हर्निया हा सभ्य आजार आहे, चारचौघांत सांगता येतो. गंमत अशी की माझ्या थोडं आधी माझ्या सगळ्यात जुन्या मित्राचंही हर्नियाचंच ऑपरेशन झालं होतं. त्या काळात आमच्या मंडळात म्हाताऱ्यांमध्ये हर्नियाची साथच आली होती म्हणा ना.

हा मित्र आणि मी एकाच हिवाळ्यात या देशात आलो. टोरांटोच्या एका बेसमेंटमध्ये एकत्र राहिलो, आळीपाळीने लॉन्ड्रोमॅटला जाऊन एकमेकांच्या चड्ड्या धुतल्या. आमच्यात झाकून ठेवण्यासारखं काही उरलेलं नाही, असं मी सगळ्यांना मोठ्या तोऱ्यात सांगायचो. मग एक दिवस कॅन्सर क्लिनिकच्या वेटिंग रूममध्ये तो मला समोरच्या खुर्चीत दिसला.

"अरे, तू इथे कसा?" मी विचारलं.

"एकाला राइड द्यायची होती. तू?"

"मी पण. राइडच."

थोड्या वेळाने नर्सने आधी त्याचं नाव पुकारलं, मग माझं. दोघेही उठून आत गेलो आणि त्यानंतर त्या भेटीचा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही.

मित्र म्हणजे मंडळाचा माईक. गणपती असो, दिवाळी असो, सूत्रसंचालन तोच करणार, आणि त्याच्या कोपरखळ्यांसाठी लोक लांबून गाड्या हाकत यायचे. तो हळूहळू यायचा बंद झाला. लोक म्हणायला लागले, शिष्ट झालाय. आम्ही तीन गल्ल्या पलीकडे राहत होतो, पण मलाही भेटायचा नाही. शेवटी वहिनींचा फोन आला.

"भाऊजी, तुम्ही जरा बोलून बघा ना. हे ब्लड टेस्टलासुद्धा जायचं नाव घेत नाहीत. क्लिनिकचा फोन आला की मला उचलायला लावतात आणि इंडियाला गेलेत म्हणून सांग म्हणतात. दिवसभर बेसमेंटमध्ये उदबत्ती लावून बसतात. मला तर काही कळेनासंच झालंय."

ज्यांना हे दुखणं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: ऑपरेशननंतर ठरावीक काळाने रक्त तपासतात. कॅन्सर परत डोकं वर काढतोय का, हे सगळ्यात आधी त्या रक्तात दिसतं. ते तपासलंच नाही तर सर्जनने केलेल्या कामावर पाणी. वहिनींना त्याची भीती वाटत होती, आणि ती खरीच होती.

मी गेलो. बेसमेंटमध्ये उदबत्तीचा धूर कोंदला होता. देव तर वरच्या मजल्यावर, स्वयंपाकघरात होते. तो घरातल्या ढगळ पायजम्यात टीव्हीसमोर बसला होता आणि खुर्चीवर जाड टॉवेल घडी करून घातला होता. मला पहिल्या मिनिटात सगळं समजलं. उदबत्ती कशासाठी, टॉवेल कशासाठी, फोन का उचलायचा नाही, सगळं. मी क्रिकेटवर बोललो. घर तापवणाऱ्या फर्नेसचा फिल्टर कधी बदलावा यावर बोललो. विंटर टायर लवकर टाकून घेतलेले बरे, यावर आमचं एकमत झालं. घरी आल्यावर बायकोने विचारलं, "बोललात का?" मी म्हटलं, "म्हणजे काय! दोन तास बोलत होतो."

याच सुमारास मी हॉस्पिटलच्या कॅन्सर विभागाच्या एका कमिटीवर पेशंटांचा प्रतिनिधी म्हणून बसत होतो. चांगलं इंग्रजी बोलणारा, रिटायर्ड इंजिनियर, वेळेवर येणारा. त्यांना असाच माणूस हवा असतो. शिवाय माझी आयुष्यभराची नोकरी गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या फॅक्टरीत, क्वालिटी डिपार्टमेंटला. मोठ्या कार कंपन्यांचे ऑडिटर यायचे, आणि त्यांना कसं तोंड द्यायचं यात माझा हातखंडा होता. विचारलं तेवढंच बोलायचं. हसतमुख राहायचं. न मागितलेलं कपाट कधी उघडायचं नाही.

हॉस्पिटलचीही तशीच एक परीक्षा जवळ आली होती. तिला अ‍ॅक्रेडिटेशन म्हणतात. दर काही वर्षांनी इतर प्रांतांमधल्या हॉस्पिटलांत काम करणारे डॉक्टर आणि नर्सेस तपासनीस होऊन येतात, सगळा विभाग फिरून बघतात, कर्मचाऱ्यांना आणि पेशंटांना प्रश्न विचारतात, आणि मग हा कॅन्सर विभाग नीट चालतो असा शिक्का देतात किंवा देत नाहीत. कमिटीची कोऑर्डिनेटर बाई, माझ्या मुलीच्या वयाची, वर्षभर त्यासाठी राबत होती. मीही राबलो. पेशंटांच्या माहितीपत्रकातली अक्षरं मोठी करून घेतली. रेडिएशनकडे जायचा बाण चुकून लिनन क्लोजेटकडे, म्हणजे चादरींच्या कपाटाकडे, वळला होता, तो मीच पकडला. केमोच्या खुर्च्यांजवळ कोट टांगायला हुक नव्हते, ते मी भांडून लावून घेतले. मिस्टर ईगल-आय म्हणायचे मला तिथे. ऐकायला बरं वाटायचं.

आणि आमच्या मीटिंगा व्हायच्या त्याच मजल्यावरच्या पुरुषांच्या वॉशरूममध्ये पॅड टाकायला जागा नव्हती. बायकांच्या वॉशरूममध्ये प्रत्येक संडासात झाकणाची छोटी टोपली असते, असं मला बायकोने सांगितलं होतं. पुरुषांकडे एकच उघडी टोपली, बाहेर बेसिनपाशी, हात पुसलेले कागद टाकायला. म्हणजे भिजून जड झालेलं ते गाठोडं हातात धरून दार उघडायचं, हात धूत असलेल्या अनोळखी माणसांच्या मधून चालत जायचं, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत टाकायचं. तो मजला प्रोस्टेटच्या पेशंटांचा. रोज माझ्यासारखे किती म्हातारे तिथे येत असतील! दर मीटिंगला मी त्या वॉशरूममध्ये जात होतो. दर मीटिंगला परत येऊन हुकांवर आणि बाणांवर बोलत होतो. समोर पाच-सहा बायका, बहुतेक तरुण. त्यांच्यापुढे हा विषय माझ्या तोंडून निघणं शक्यच नव्हतं.

मग मी त्या पॅडचं करायचो काय? घरी घेऊन यायचो. त्यासाठी बायकोने युक्ती काढली होती. इथे दही मोठ्या प्लास्टिकच्या डब्यांत मिळतं, आणि रिकामे डबे कुठलीही मराठी बाई फेकत नाही. डाळी त्यात, उरलेली भाजी त्यात, पाहुण्याला बांधून द्यायचा फराळ त्यात. झाकण घट्ट, वास बाहेर येत नाही. तसला एक रिकामा डबा माझ्या खांद्यावरच्या कापडी पिशवीत कायम असायचा. चुकून तो घरातल्या खाण्याच्या डब्यांत मिसळू नये म्हणून मी त्याला ब्रोकोलीच्या गड्डीला येतो तो निळा जाड रबरबँड लावून ठेवला होता. फॅक्टरीत खराब मालाला आम्ही लाल टॅग लावायचो, तसं. बँड असेल तो माझा, बँड नसेल तो खाण्याचा. चूक होणं शक्यच नाही, असं मी बायकोला समजावून सांगितलं होतं.

तपासणीच्या दिवशी बायको पहाटे उठली. "ह्यांना बरं करणाऱ्यांच्या घरी आज पाहुणे येणार," असं तिचं म्हणणं. फ्रोजन खोबरं नको म्हणाली. गॅरेजच्या फरशीवर नारळ फोडला, खवला, केशर घालून नारळाच्या वड्या केल्या. मी म्हटलं, "अगं, तपासणी आहे, साखरपुडा नाही." तिने लक्ष दिलं नाही. वड्या भरल्या दह्याच्याच डब्यात. दुसरं कशात भरणार? माझ्या पिशवीत दोन डबे झाले.

फोर-ओ-वन हायवेवर अपघात झाला होता, गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. हॉस्पिटलला पोचेपर्यंत पॅड भरलं होतं. मी थेट वॉशरूम गाठली. आत बसून पॅड बदलत होतो तेवढ्यात कोणीतरी शीळ घालत आलं, दार हलवून बघितलं, आणि बाहेर वाट बघत उभं राहिलं. माझी त्रेधा उडाली. घाईघाईत जुनं पॅड प्लास्टिकच्या पिशवीत कसंबसं गुंडाळलं, डब्यात कोंबलं, झाकण दाबलं. रबरबँड शर्टाच्या खिशात राहिला. तो तिथे आहे हे मला संध्याकाळी कळलं.

तपासनीस बाई पूर्वेकडच्या किनाऱ्यावरच्या प्रांतातून आली होती. पांढरे आखूड केस, सपाट बूट, कॅन्सर वॉर्डात हयात घालवलेली नर्स. एका छोट्या खोलीत ती, मी, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर जीव मुठीत धरून बसलेली आमची कोऑर्डिनेटर. मी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. बाईंनी विचारलं, सर्जरीच्या आधी सगळं समजावलं का? समजावलं. नंतर काही अडचण आली तर कोणाला फोन करायचा, हे माहीत होतं का? होतं. काही सुधारावंसं वाटतं का?

"नो कम्प्लेंट्स व्हॉटसोएव्हर," मी म्हणालो. कोऑर्डिनेटरने सुटकेचा निःश्वास टाकला.

मग बाईंनी पेन खाली ठेवलं. "एक गोष्ट मला कळत नाहीये," ती म्हणाली. "तुमच्यासारखंच ऑपरेशन झालेले काही पुरुष नंतर टेस्टला येतच नाहीत. फोन केला तरी येत नाहीत. तुम्ही त्यांच्यापैकी आहात, म्हणून विचारते. का येत नसतील?"

माझ्या डोळ्यांसमोर बेसमेंट आलं, उदबत्ती आली, खुर्चीवरचा टॉवेल आला.

"वेदर," मी म्हणालो. "विंटरमध्ये ड्राइव्ह करणं कठीण जातं आमच्या वयाला. आणि फोर-ओ-वनचं तर तुम्ही बघितलंच असेल."

तिने मान डोलावली आणि लिहून घेतलं. ऑडिटरला तोंड द्यायचं माझं कसब अजून गंजलं नव्हतं. विचारलं तेवढंच सांगितलं, तेही खोटं. मला स्वतःबद्दल बरं वाटत होतं, हे सांगायची आज मला लाज वाटते. त्या बऱ्या वाटण्याच्या भरात मला बायकोच्या वड्या आठवल्या. मी म्हटलं, माझ्या पत्नीने तुमच्यासाठी मुद्दाम काही केलंय, आमच्याकडची पद्धत आहे. बोलता बोलता पिशवीत हात घातला, बँड नसलेला डबा हाताला लागला, तो काढून तिच्यापुढे ठेवला. डब्याकडे बघितलंही नाही.

तिने झाकण उघडलं.

वास आधी आला. मग तिने आत बघितलं. ती आयुष्यभर हेच बघत आलेली नर्स होती, तरी तिचं नाक मुरडलं गेलं आणि मान मागे गेली. लगेच तिने चेहरा सावरला. पण मी ते बघितलं होतं, आणि ते आजही माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. माझे कान तापले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ते काय असतं ते मला त्या खोलीत समजलं.

कोऑर्डिनेटरला कोपऱ्यातून डब्याच्या आतलं दिसत नव्हतं. तिला फक्त वास आला. "ओ नो," ती कळवळून म्हणाली, "खराब झालं का? गाडीत राहिलं असेल खूप वेळ. काही हरकत नाही, होतं असं."

सुटकेचं दार तिने माझ्यासाठी उघडून दिलं होतं. नुसतं हो म्हणायचं होतं. हो, खराब झालं, सॉरी. डबा बंद करायचा, पिशवीत टाकायचा, घरी जायचं. तपासनीस बाई काही बोलली नसती, तशी ती वाटत होती. माझ्या ओठांवर हो आला होता.

पण खराब काय झालं म्हणून सांगायचं? बायकोच्या वड्या? या बाईने या देशात सगळी वर्षं एका धास्तीत काढली की आपल्या स्वयंपाकाचा वास कोणाला येईल. फोडणी घालायच्या आधी कोटांच्या कपाटाची दारं लावायची. हिवाळ्यातसुद्धा खिडक्या उघडायची. माझे ऑफिसचे शर्ट गॅरेजमध्ये टांगायची. मुलांचे गोरे मित्र घरी यायचे त्या दिवशी लसूण नाही, हिंग नाही. आणि आज पहाटे उठून, नारळ खवून, केशर घालून तिने ज्यांच्यासाठी वड्या केल्या, त्यांना मी सांगणार की हा घाणेरडा वास तिच्या वड्यांचा आहे. माझी लाज झाकायला मी तिची काढणार. तेवढं मात्र मला जमेना.

"खराब काही झालेलं नाही," मी म्हणालो. "हे खाण्याचं नाहीच. हे माझं आहे. माझं पॅड आहे. मला लघवी आवरत नाही, ऑपरेशनपासून. तुमच्या पुरुषांच्या वॉशरूममध्ये हे टाकायला जागा नाही, म्हणून मी डब्यात घालून घरी नेतो. माझ्या बायकोच्या वड्या या दुसऱ्या डब्यात आहेत. त्या चांगल्या आहेत."

एकदा तोंड उघडल्यावर मला थांबता येईना. "आणि मघाशी वेदर म्हणालो ते खोटं आहे. माझा एक मित्र आहे. वर्ष झालं, टेस्टला आलेला नाही. त्याला गाडी चालवता येते. बर्फाला तो भीत नाही. इथवर यायचं, दोन तास बसायचं, आणि मग भिजलेलं घेऊन जायचं कुठे? खिशात घालून?" माझा आवाज चढला. आवाज चढला की माझं काय होतं ते मला माहीत होतं. तेही झालं. नशीब, नवीन पॅड होतं.

तपासनीस बाईने झाकण लावलं, हळूच दाबून बघितलं, आणि डबा माझ्या बाजूला सरकवला. मग ती कोऑर्डिनेटरला म्हणाली, "मला ती वॉशरूम दाखवता?" दोघी गेल्या. दारावर टकटक करून आत कोणी आहे का म्हणून विचारलेलं मला ऐकू आलं. मी दोन डब्यांसमोर एकटा बसून राहिलो.

परत आली ती एकटी कोऑर्डिनेटर. तिचे डोळे लाल झाले होते. "तुम्ही इतके दिवस आमच्या कमिटीत आहात," ती म्हणाली. "हुकांसाठी तुम्ही माझ्याशी भांडलात. मग हे का नाही सांगितलंत?" ती रागावली नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. माझं उत्तर इतकंच होतं की मला लाज वाटत होती.

मी दुसरा डबा उघडून तिच्यापुढे धरला. तिने एक वडी घेतली, थँक यू म्हणाली, नॅपकिनवर ठेवली. ती तशीच राहिली. मी तिला दोष देत नाही. मीही खाल्ली नसती.

शिक्का मिळाला हॉस्पिटलला. त्या मजल्यावर पुरुषांच्या संडासांत झाकणाच्या टोपल्याही आल्या पुढे, बऱ्याच महिन्यांनी. बाकीच्या मजल्यांचं बजेटमध्ये बघू, असं चाललं होतं. पण ते नंतरचं. त्या दिवशी मी गाडी घेऊन घराच्या ड्राइव्हवेपर्यंत आलो आणि आत जायचा धीर होईना. बायको दारातच विचारणार, आवडल्या का? वड्यांनी भरलेला डबा घेऊन मी तिच्यासमोर कसा उभा राहू! मी गाडी मागे घेतली आणि तीन गल्ल्या पलीकडे गेलो.

वहिनींनी दार उघडलं. मी काही न बोलता बेसमेंटमध्ये उतरलो. तोच धूर, तोच टीव्ही, तोच टॉवेल. मित्राने नजर वर केली आणि म्हणाला, "काय रे, मॅच बघायला आलास?"

मी रिमोट घेऊन टीव्ही बंद केला. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पालकाखालचं पाकीट, दह्याचा डबा, निळा रबरबँड, शीळ घालणारा माणूस. त्या बाईचं नाक कसं मुरडलं तेही. वेदर कसं म्हणालो तेही. एरवी अशा गोष्टीवर त्याने मंडळाचा हॉल डोक्यावर घेतला असता. तो हसला नाही. बंद केलेल्या टीव्हीकडे बघत ऐकत राहिला. मला वाटलं, झालं, आता मी याच्या मैत्रीलाही मुकणार.

"मी मागे आलो होतो ना," मी म्हटलं, "तेव्हाच मला कळलं होतं. टॉवेल बघितला होता मी. आणि मी तुझ्याशी फर्नेसवर बोललो."

"हो," तो म्हणाला. "मला पण तुझी पिशवी दिसायची. कायम खांद्याला. मी पण टायरवर बोललो."

मला त्याच्याकडे बघवेना. एकमेकांच्या चड्ड्या धुतलेले आम्ही दोघं. एका वाक्याने त्याचं वर्ष वाचलं असतं, आणि ते वाक्य मी त्या दिवशी एका परक्या बाईला आधी सांगितलं.

"वड्या कुठायत मग?" त्याने विचारलं.

मी पिशवीतून डबा काढला. या वेळी झाकण उघडून आधी आत बघितलं, मग त्याच्यापुढे धरला. त्याने वाकून वास घेतला नाही, निरखून बघितलं नाही. हात घातला, एक वडी उचलली, तोंडात टाकली. मग दुसरी घेतली.

"केशर घातलंय," तो म्हणाला.

"तुझ्या वहिनीने. पाहुण्यांसाठी."

तो खात होता आणि मी डबा धरून उभा होतो. वर वहिनींची पावलं वाजत होती; जिन्याच्या तोंडाशी येऊन त्या परत जात असाव्यात. चार-पाच वड्या संपवून त्याने हात पायजम्याला पुसले.

"टेस्टला गुरुवारी जाऊ," तो म्हणाला. "तूच चालव. आणि येताना तुझ्याकडचा एक रिकामा डबा घेऊन ये. आमच्याकडे ही दही घरीच लावते."